सोळा सेकंदांचं रबर

जर्मनीच्या पश्चिमेला, आयफेलच्या जंगलात, न्यूरबर्गरिंगचा जुना ट्रॅक आहे. नाव नॉर्डश्लाइफ. १९२७ साली खुला झालेला हा रस्ता २०.८३२ किलोमीटर लांब आहे. त्यावर सत्तरहून जास्त वळणं आहेत आणि सगळ्यांत खालच्या व वरच्या जागेत जवळजवळ तीनशे मीटरचा फरक. कुणाची गाडी इथली फेरी किती वेळात मारते, यावर मोटार कंपन्यांची वर्षानुवर्षं चढाओढ चालते. २००४ साली, दोनदा जागतिक रॅली अजिंक्यपद जिंकलेल्या वॉल्टर रोअर्लने पोर्शच्या कॅरेरा जीटी या गाडीत ही फेरी सुमारे ७ मिनिटं २८ सेकंदांत मारली. वीस वर्षांनी, २०२४ मध्ये, त्याच मॉडेलच्या गाडीत योर्ग बेर्गमाइस्टर बसला आणि ७ मिनिटं १२.६९ सेकंदांत परत आला.

सोळा सेकंद. त्या सरासरी वेगाने हिशेब केला, तर जुनी गाडी पाऊण किलोमीटर मागे राहिली असती. इंजिन मात्र तेच होतं, ५.७ लिटरचं, दहा सिलिंडरचं, ६१२ अश्वशक्तीचं. बदलले होते टायर. मिशलँने आपल्या ‘पायलट स्पोर्ट कप २’ जातीचे टायर या गाडीच्या मापात नव्याने बनवले होते. मधल्या काळात ट्रॅकची काही ठिकाणी डागडुजी झाली, चालकही वेगळा होता, हे मान्य. तरी एवढ्या फरकातला मोठा वाटा रबराकडे जातो.

हे टायर शर्यतीच्या गाडीचे नव्हेत. नंबर प्लेट लावलेल्या, रस्त्यावर चालवायला परवानगी असलेल्या गाडीचे आहेत. त्यांना सेमी-स्लिक म्हणतात. स्लिक म्हणजे एकही खाच नसलेला, निव्वळ ट्रॅकसाठीचा टायर. तो रस्त्यावर आणता येत नाही. सेमी-स्लिकला कायद्यापुरत्या आणि थोड्या पाण्यापुरत्या खाचा असतात, बाकी सगळं रबर डांबराला टेकवायचं. ट्रॅक-डेला, म्हणजे पैसे भरून आपलीच गाडी ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, हे टायर वापरायचे आणि संध्याकाळी त्यांच्यावरच घरी यायचं, ही त्यामागची कल्पना. ती ऐकायला सोपी आहे. सांभाळायला अजिबात नाही.

चालकासकट दीड टनाची गाडी रस्त्याला किती जागेत टेकते? टायरमध्ये ३२ पीएसआय हवा असेल, तर एका टायरचा टेकलेला भाग साधारण १६५ ते १७० चौरस सेंटिमीटर भरतो. चारही मिळून ए-फोर कागदाहून किंचित मोठा तुकडा. ब्रेक, वळण, वेग, सगळं तिथूनच जातं. म्हणून या तुकड्याचं तापमान आणि त्यातल्या प्रत्येक इंचावर येणारा भार, हेच ट्रॅकवरच्या टायरचं सगळं शास्त्र.

रबराची पकड दोन प्रकारांनी येते. एक, ते डांबराच्या कणांना रेणूंच्या पातळीवर चिकटतं. दुसरं, डांबराच्या बारीक टोकांवर ते दबतं, पण लगेच उसळून मूळ आकारात येत नाही. या रेंगाळण्यात ऊर्जा खर्च होते आणि तीच घसरण्याला विरोध करते. ही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने टायरमध्येच उरते. सेमी-स्लिकचं रबर या कामासाठी मुद्दाम निवडलेलं असतं. ते साधारण ७० ते १०० अंश सेल्सियसला आपल्या रंगात येतं. त्याखाली ते लाकडासारखं वागतं, त्यावर गेलं की पृष्ठभाग मऊ पडून सरकू लागतो आणि फोड येतात. रोजच्या टायरला दहा अंशांपासून शंभरपर्यंत सगळीकडे बरं वागावं लागतं, म्हणून तो कुठेच असामान्य नसतो. सेमी-स्लिक चांगला की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. किती अंशांना, असं पुढे विचारावं लागतं.

किती मऊ, हे कळण्यासाठी बरेच जण टायरच्या बाजूवरचा ‘ट्रेडवेअर’चा आकडा बघतात. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या टायरवर तो असतो. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळच्या सुमारे ६४० किलोमीटरच्या ठरलेल्या रस्त्यावर टायर एकूण साडेअकरा हजार किलोमीटर पळवतात आणि प्रमाण टायरच्या तुलनेत किती झिजला ते पाहतात. प्रमाण टायर १०० मानला, तर ३०० चा टायर तिप्पट टिकायला हवा. मिशलँचा रस्त्यासाठीचा पायलट स्पोर्ट ४ एस ३०० चा, कप २ सुरुवातीला १८० चा, टोयोचा आर८८८आर १०० चा, तर हूसियरचा आर७ अवघ्या ४० चा. मात्र हा आकडा शेवटी कंपनी स्वतःच टायरवर छापते. अमेरिकेतल्या हौशी स्पर्धांनी ‘२०० च्या खालचे टायर चालणार नाहीत’ असा नियम केला, तेव्हा बाजारात २०० छापलेले पण विलक्षण चिकट टायर भराभर येऊ लागले. आकड्यावर किती विसंबायचं, ते यावरून ठरवावं.

आता हवा. ट्रॅकवर नव्याने जाणारा माणूस सगळ्यात जास्त इथेच चुकतो, आणि त्याचं कारण शाळेतल्या भौतिकशास्त्रात आहे. बंद जागेतली हवा तापली की दाब वाढतो. सकाळी २० अंशांना टायरमध्ये ३० पीएसआय भरले आणि तीन-चार फेऱ्यांत आतली हवा ८० अंशांवर गेली, तर दाब ३९ वर पोहोचतो. मग टायर मधोमध फुगतो, कडा उचलल्या जातात आणि महागड्या रबराचा मधलाच पट्टा काम करतो. गाडी घसरू लागते. चालकाला वाटतं, टायर थंड आहेत. तो आणखी जोरात चालवतो, आणि प्रकरण बिघडतं.

म्हणून हिशेब उलटा करतात. तापल्यावर किती हवा हवी ते आधी ठरतं. गाडीच्या आणि टायरच्या कंपनीने तो आकडा दिलेला असतो. समजा तो ३२ आहे. मग २० अंशांच्या सकाळी सुरुवात २४ ने करावी लागेल. तीच गाडी ३५ अंशांच्या दुपारी ट्रॅकवर न्यायची असेल, तर सुरुवात २६ ने, कारण हवा आधीच तापलेली आहे आणि पुढे कमी वाढणार. हे आकडे कागदावरचे. प्रत्यक्षात फेऱ्या मारून पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या थांब्यात, यायचं, मिनिटभरात चारही टायर मोजायचे आणि जास्तीची हवा सोडायची. तापलेल्या टायरमधून सोडलेली ती हवा वहीत लिहून ठेवणारे शहाणे. पंपावरच्या मीटरवर विसंबू नये. दोन पंपांवरचे दोन मीटर दोन आकडे दाखवतात, हे कुणाला नवं नाही. स्वतःचा एकच मीटर ठेवायचा. तो चुकीचा असला तरी प्रत्येक वेळी सारखाच चुकीचा असावा.

चारही टायरना एकच आकडा लागत नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वनची शर्यत झाली. हा पाच किलोमीटरहून थोडा लांब, सोळा वळणांचा ट्रॅक घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पळतो. अशा ट्रॅकवर एकूण वळण उजवीकडे जास्त पडतं, भार डाव्या बाजूला जातो आणि डावे टायर जास्त तापतात. म्हणून डावीकडे सुरुवातीलाच एखादा पीएसआय कमी ठेवतात.

नायट्रोजनबद्दल एक गैरसमज पक्का आहे. नायट्रोजन भरला की दाब वाढतच नाही, असं पंपावर सांगतात. कोरडी हवा आणि नायट्रोजन जवळजवळ सारख्याच प्रमाणात फुगतात. आपल्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. फरक पडतो तो ओलाव्याने. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठलेलं असेल, तर त्याची वाफ होऊन दाब अवचित चढतो. नायट्रोजन कोरडा असतो, एवढाच त्याचा मोठेपणा.

संध्याकाळी ट्रॅक संपला की सर्वात धोकादायक चूक होते. टायर निवले की ती ३२ पीएसआय हवा पुन्हा २४ वर येते. त्याच टायरवर सामान भरून महामार्गाला लागलं, तर कमी हवेमुळे टायरची बाजू सतत दुमडत राहते, आतून तापते, आणि टायर फुटू शकतो. घरी निघण्यापूर्वी रस्त्याची हवा भरणं हा ट्रॅक-डेचाच शेवटचा भाग आहे.

हवेनंतर कॅम्बर. चाक समोरून पाहिलं तर ते उभ्या रेषेत आहे की वरून आत झुकलेलं, त्या कोनाला कॅम्बर म्हणतात. गाडी जोरात वळली की बाहेरच्या बाजूला कलते आणि बाहेरचा टायर आपल्या बाहेरच्या कडेवर उभा राहतो. आधीच थोडा आत झुकवला असेल, तर भर वळणात तो सपाट टेकतो. रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला साधारण एक ते दीड अंश पुरतो. ट्रॅकवर अडीच-तीन लागतात. पोर्शने ९११ जीटी३ च्या पुढच्या खालच्या आर्ममध्ये त्यासाठी सोय ठेवली आहे: दोन भागांमध्ये पातळ पट्ट्या, म्हणजे शिम, घालायच्या आणि चाक हवं तेवढं झुकवायचं. मात्र अशी झुकवलेली गाडी सरळ रस्त्यावर आतल्या कडेवर धावते. गॅरेजवाले म्हणतात तसं, गाडी आतून टायर खाते. त्यात चाकांची टोकं जरा बाहेर वळलेली असली, म्हणजे टो बिघडलेला असला, तर खाण्याचा वेग दुप्पट झाल्यासारखा वाटतो. बाहेरून टायर नवाकोरा आणि आतून गोटा, असं त्यामुळेच होतं. वाकून, हात घालून आतली कड पाहिल्याशिवाय ते कळत नाही.

कॅम्बर आणि हवा बरोबर आहे का, हे टायर स्वतः सांगतो. पिटमध्ये येताच सुईचं तापमापक रबरात टोचून आत, मध्ये, बाहेर अशा तीन जागी मोजतात. मधली जागा जास्त तापली असेल तर हवा जास्त, दोन्ही कडा तापल्या तर कमी, बाहेरची एकटीच कड पेटली असेल तर कॅम्बर अपुरा. लांबून अवरक्त किरणांवरून मोजणारं स्वस्त यंत्र फक्त वरचा थर वाचतं, आणि पिटमध्ये येईपर्यंत तो थर वाऱ्याने थंड झालेला असतो.

नॉर्डश्लाइफवर सामान्य माणसाला जाता येतं. ठरावीक दिवशी, फेरीमागे पैसे भरून, रस्त्यावर चालवायला परवानगी असलेली मोटार नेता येते. या ‘टूरिस्ट’ फेऱ्यांना तिथे टोलच्या रस्त्याचे नियम लागतात. वेळ मोजत शर्यत लावायला मनाई. सलग दुसरी फेरी मारता येत नाही, प्रत्येक फेरीनंतर बाहेर पडून पुन्हा नाक्यातून आत यावं लागतं. टायरच्या दृष्टीने हे अवघड आहे. वीस किलोमीटरमध्ये तापायचं, रांगेत निवायचं, पुन्हा तापायचं. शिवाय आयफेलची हवा लहरी, एका टोकाला ऊन आणि दुसऱ्या टोकाला पाऊस असं सर्रास होतं. थंड सेमी-स्लिकवर पहिल्याच वळणात घातलेला आत्मविश्वास पत्रा चेपूनच परत येतो. म्हणून पहिली फेरी तापवण्याची, शेवटची निववण्याची. नंतर पार्किंगमध्ये हँडब्रेक ओढायचा नाही, कारण तापलेल्या ब्रेकचं पॅड डिस्कला एकाच जागी दाबून राहतं; गाडी गिअरमध्ये ठेवायची.

तापणं-निवणं या एका चक्राला हीट सायकल म्हणतात. प्रत्येक चक्रात रबर थोडं कडक होतं. खाचा अजून दिसत असतानाच पकड निघून जाते, ते त्यामुळे. ट्रॅकच्या टायरचं आयुष्य किलोमीटरपेक्षा या चक्रांत मोजणं बरं. टोयो, हूसियर यांच्यासारख्या टायरना पहिलं चक्र हळूहळू द्यायचं आणि मग पूर्ण एक दिवस विश्रांती, असा प्रघात आहे. रबराच्या साखळ्या नीट बसतात आणि पुढची झीज कमी होते. घाईत ही विश्रांती टाळणारेच नंतर टायर लवकर संपला म्हणून ओरडतात.

थंडीचंही गणित आहे. शेव्हरोलेसारखी कंपनी आपल्या वेगवान गाड्यांच्या मालकांना बजावते, की ५ अंशांच्या खाली असल्या टायरची पकड घटते आणि उणे ७ च्या खाली गाडी हलवली तरी रबराला तडे जाऊ शकतात. महाराष्ट्रात ही चिंता नाही. इथे वेगळी आहे.

त्याआधी वयाबद्दल. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियात सांता क्लॅरिटाजवळ एक कॅरेरा जीटी झाडांवर आणि खांबावर आदळली. ‘फास्ट अँड फ्युरियस’मधला अभिनेता पॉल वॉकर आणि गाडी चालवणारा त्याचा मित्र, दोघंही गेले. लॉस एंजेलिसच्या शेरीफ कार्यालयाने पुढच्या मार्चमध्ये तपासाचा निष्कर्ष सांगितला: कारण वेग. ताशी ७२ किलोमीटरची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी १३० ते १५० च्या दरम्यान होती. गाडीत यांत्रिक दोष सापडला नाही, पण टायर नऊ वर्षांचे होते आणि त्याने गाडीच्या वागण्यावर परिणाम झाला असू शकतो, असंही अहवालात होतं. बहुतेक दिवस गॅरेजमध्ये झाकून ठेवलेल्या गाडीचे टायर झिजत नाहीत, ते म्हातारे होतात. त्यांचं वय बाजूवरच्या चार अंकांत असतं: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुनी स्पोर्ट्स कार घेणाऱ्याने ओडोमीटरच्या आधी हे अंक वाचावेत.

मुंबई-पुण्यात जीटी३ सारखी गाडी घेणाऱ्याला हे टायर वेगळे मागवावे लागत नाहीत, कारखान्यातूनच येतात. ते पाहिल्यावर इथल्या जुलैची आठवण व्हायला हवी. मुंबईत त्या एका महिन्यात सरासरी ८०० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. फॉर्म्युला वनचा पूर्ण पावसाळी टायर ताशी ३०० किलोमीटरला सेकंदाला ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो, असं पिरेलीचं म्हणणं आहे. नव्या सेमी-स्लिकच्या खाचा मुळातच उथळ आणि मोजक्या. पाणी निघायला वाट मिळाली नाही की टायर पाण्यावर तरंगतो आणि स्टिअरिंग हलकं पडतं. तेव्हा ब्रेक दाबून काही होत नाही. शहाणे मालक जूनमध्ये दुसरे टायर चढवतात आणि हे काळोख्या, कोरड्या खोलीत ठेवतात. २०२३ मध्ये समृद्धी महामार्गाच्या तोंडाशी परिवहन विभागाने टायर तपासायला सुरुवात केली आणि गोटा झालेल्या गाड्या परत पाठवल्या. त्या तपासणीत नवा कप २ सहज पास होईल. मुसळधार पावसात तो किती धरतो, हा भाग त्या तपासणीत येत नाही.

टायर बदलणंही साधं नाही. ९९२ पिढीच्या जीटी३ ला पुढे २५५/३५ झेडआर २० आणि मागे ३१५/३० झेडआर २१ लागतात; पुढचे मागे फिरवून झीज सारखी करायची सोय नाही. चाकाला पाच नट नसून मधोमध एकच मोठा नट असतो, आणि तो ६०० न्यूटन-मीटरने आवळायचा. लांब टॉर्क रेंच हवा, आणि गाडीत बसून ब्रेक दाबून धरणारा दुसरा माणूस. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याचं हे काम नव्हे. त्यात जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरच्या आयातीवर निर्बंध घातले, परवाना लागू लागला. अशा विचित्र मापांचे टायर इथे कुणी बनवत नाही, तेव्हा डीलरकडे नोंदवून वाट पाहायची.

विम्याची पॉलिसीही एकदा काढून वाचावी. मोटार विम्याच्या नेहमीच्या अटींत शर्यत आणि वेगाची चाचणी वगळलेली असते. ट्रॅकवर भिंतीला लावलेली गाडी स्वतःच्या पैशांनी दुरुस्त करायची तयारी असेल तरच हा नाद करावा.

महाराष्ट्रातल्या हौशी माणसाला पूर्ण लांबीचा ट्रॅक हवा असेल तर चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला, कोइंबतूरच्या करी स्पीडवेला किंवा थेट ग्रेटर नोएडाला जावं लागतं. मुंबईहून चेन्नई तेराशे किलोमीटरच्या आसपास. सेमी-स्लिकवर तेवढं सरळ जायचं म्हणजे ट्रॅक दिसायच्या आत मधला पट्टा आणि आतली कड झिजवून घ्यायची. रस्त्याचे टायर लावून जावं, तर ट्रॅकचे चार टायर त्या गाडीत मावत नाहीत. पुढची डिकी जेमतेम दोन बॅगांची. म्हणून अशा गाड्या बहुतेक वेळा बंदिस्त ट्रकमधून जातात, टायरचा जोड त्याच ट्रकमध्ये मागे बांधलेला असतो, आणि मालक विमानाने.